वसतिगृह म्हणजे कोंडवाडा नव्हे



‘आदिवासी वसतिगृहातली मुले आपल्यातच राहतात, त्यांनी शहरात खोली घेऊन मिसळायला शिकावे’ हे आपल्या अंकातील पत्रलेखकाचे मत मला मुळीच पटले नाही.

वसतिगृहात जागा न मिळालेल्या आदिवासी मुलांसाठीच्या ‘स्वयं’ योजनेत मुंबई, ठाणे, पुण्यासाठी वर्षाला 60 हजार रुपये ठरले. त्यातच जेवण, निवास आणि किरकोळ खर्च. म्हणजे महिन्याला पाच हजार. एवढ्यात पोरगी कुठे राहणार? हप्ता लांबला, तर घरमालकाला काय सांगणार? एप्रिल 2018 च्या शासन निर्णयाने वसतिगृहांतली खानावळ बंद करून पैसे खात्यात द्यायचे ठरवले, तेव्हा त्याच वर्षी जुलैत मुले पुण्याहून नाशिककडे पायी निघाली होती. ते चालणे जेवण मिळावे यासाठी तर होतेच, पण एकत्र बसायची पंगत मोडू नये, हेही मला त्यात दिसते.

मोखाड्याहून गेलेल्या वारली, कोकणा, कातकरी मुलांना आपल्या बोलीत बोलणारे कुणी असले, की वर्गात हात वर करायचे बळ येते. आमच्या पोशेऱ्यातून बाहेर शिकायला गेलेल्यांकडून हेच ऐकतो. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1924 साली साताऱ्यात वसतिगृह काढले, तिथे सगळ्या जातींची मुले एकत्र राहिली, जेवली. मिसळणे तिथूनच सुरू झाले.

तेव्हा मागणी करायचीच, तर ही करू या: वसतिगृहाची प्रवेशयादी कॉलेज सुरू होण्याआधी लागावी आणि स्नेहसंमेलनाच्या तालमीला थांबणाऱ्या मुलामुलींसाठी वसतिगृहाचे फाटक उशिरापर्यंत उघडे राहावे.

— एक पालक, पोशेरा (ता. मोखाडा, जि. पालघर)