सोलंगच्या उतारावर टायर कोण पाहणार?

२७ डिसेंबर २०२४. नाताळची सुट्टी अजून संपलेली नव्हती आणि मनालीच्या वर सोलंग परिसरात बर्फ पडू लागला. बघता बघता सुमारे एक हजार गाड्या आणि पाच हजारांच्या आसपास पर्यटक तिथे अडकले. त्याच्या चारच दिवस आधी, २३ तारखेला, सोलंग ते अटल बोगदा या टप्प्यातही हजारेक गाड्यांची अशीच गत झाली होती. दोन्ही वेळा कुल्लू पोलिसांनी माणसांना सुखरूप खाली आणलं. त्या आठवड्यात देशभर फिरलेल्या चित्रफितींमध्ये गाड्या उतारावरून आडव्या होऊन घसरत होत्या, ड्रायव्हर उड्या टाकत होते आणि मागचे लोक हातांनी गाडी थोपवायला धावत होते.

त्यानंतर चर्चा झाली ती गर्दीची, बेशिस्तीची, रील्सच्या वेडाची. सगळे मुद्दे रास्तच आहेत. पण त्या घसरणाऱ्या गाड्यांच्या पायात काय होतं, हे क्वचितच कुणी विचारलं. मैदानी भागात वापरतात तेच, दिल्ली-चंदीगडच्या उन्हाळ्यासाठी बनवलेले टायर. अपघाताचं मूळ तिथे आहे, आणि सरकारचं लक्ष तिथे अजून गेलेलं नाही.

हा रस्ता नीट समजून घ्यायला हवा. ३ ऑक्टोबर २०२० ला अटल बोगद्याचं उद्घाटन झालं. ९.०२ किलोमीटरच्या या बोगद्याने मनाली ते केलाँग अंतर ४६ किलोमीटरनी कमी केलं. पूर्वी हिवाळ्यात ३,९७८ मीटर उंचीची रोहतांग खिंड बंद झाली की पलीकडचं लाहौल खोरं जगापासून तुटायचं. आजारी माणसाला खाली आणायचं तर हेलिकॉप्टरची वाट पाहावी लागायची. लाहौलच्या लोकांसाठी हा बोगदा म्हणजे जीवनदानच आहे, यात शंका नाही. पण त्याच बोगद्याने भर हिवाळ्यातला बर्फ पर्यटकांच्या चाकाखाली आणून ठेवला. पूर्वी खिंडच बंद, त्यामुळे नवखा ड्रायव्हर तिथवर पोचतच नसे. आता सकाळी मनालीत चहा घेऊन निघालेलं कुटुंब तासा-दोन तासांत बोगद्यापलीकडच्या सिस्सूला बर्फात खेळत असतं. अडचण येते ती परतताना. बोगद्याचं दक्षिणेकडचं तोंड सुमारे ३,०६० मीटरवर आहे, मनाली २,०५० मीटरवर. पंचवीस किलोमीटरमध्ये एक हजार मीटर खाली यायचं, वळणावळणांनी, आणि तेही डोंगराच्या सावलीतून.

त्यात इथलं तापमान शून्याच्या आगेमागे खेळत असतं, आणि बर्फावरून गाडी चालवायला यापेक्षा वाईट हवा नाही. उणे वीस अंशांतला कोरडा बर्फ चाकाखाली करकरतो, पण बऱ्यापैकी पकड देतो. शून्याजवळच्या बर्फावर पाण्याचा पातळ थर असतो. दुपारी तो वितळतो, सूर्य डोंगराआड गेला की पुन्हा गोठतो. शेकडो गाड्यांची चाकं त्यावरून गेली की भुसभुशीत बर्फ दाबून दाबून काचेसारखा गुळगुळीत होतो. रस्ता ओला दिसतो आणि प्रत्यक्षात गोठलेला असतो. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी पहाटे गवतावर आणि गाड्यांच्या टपावर गोठलेलं दहिवर ज्यांनी पाहिलं आहे, त्यांनी तोच थर डांबरावर कल्पून पाहावा.

आकडे पाहिले की प्रकरण किती गंभीर आहे ते कळतं. कोरड्या डांबरी रस्त्यावर ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी ब्रेक दाबल्यावर साधारण ९ मीटरमध्ये थांबते. दाबून घट्ट झालेल्या बर्फावर तिला ३० मीटर लागतात, गोठलेल्या पाण्यावर ६० मीटरहून जास्त. हे झालं सपाट रस्त्याचं. उतारावर गाडीचं वजनच तिला खाली ओढतं. गोठलेल्या पाण्यावर घर्षण कोरड्या रस्त्याच्या मानाने सातवा हिस्सा उरतं. तिथे दर दहा मीटरला एक मीटर असा उतार आला की घर्षण आणि ओढ यांची बरोबरी होते. घसरू लागलेली गाडी मग ब्रेक कितीही दाबला तरी थांबत नाही. सोलंगच्या चित्रफितींमधल्या ड्रायव्हरांना दोष देणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं की त्यांच्यापैकी अनेकांनी ब्रेक पूर्ण दाबलेला असणार.

आता फोर बाय फोरबद्दल. बर्फ पडला की मनालीच्या पुढे नेहरू कुंड किंवा सोलंगजवळ पोलीस गाड्या अडवतात आणि बहुतेक वेळा फक्त फोर बाय फोर गाड्यांना पुढे जाऊ देतात. हेतू चांगला आहे, निकष मात्र अपुरा. चारही चाकांना इंजिनाची ताकद मिळाली की गाडी चढावर निघते, रुतली तर बाहेर पडते. थांबताना त्या ताकदीचा उपयोग नसतो. ब्रेक तर छोट्या अल्टोलाही चारही चाकांना असतात. वळणावर गाडी धरून ठेवायचं आणि उतारावर ती थांबवायचं काम टायरच्या रबराचं आहे. सहज वर चढून गेलेल्या फोर बाय फोरचा ड्रायव्हर म्हणूनच फसतो. चढताना मिळालेला विश्वास त्याला उतरताना नडतो.

शिवाय उंच, दणकट दिसणारी प्रत्येक गाडी फोर बाय फोर नसते. आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या बहुतेक एसयूव्ही दोनच चाकांवर चालतात. २०२३ पासून थारसुद्धा फक्त मागच्या चाकांवर चालणाऱ्या रूपात मिळते. ताकद मागच्या चाकांना आणि वजन पुढे, अशा गाडीची शेपूट बर्फावर सर्वांत आधी फिरते. त्यामानाने पुढच्या चाकांवर चालणारी हलकी छोटी गाडी बरी, कारण इंजिनाचं वजन नेमकं चालत्या चाकांवर येतं. मनालीत अल्टोच्या टॅक्सी इतक्या दिसतात, त्या केवळ स्वस्त म्हणून नव्हेत.

टायरचं गणित साधं आहे. नेहमीचं रबर साधारण सात अंशांखाली कडक होऊ लागतं आणि रस्त्याला धरत नाही. हिवाळी टायरचं रबर थंडीतही मऊ राहतं आणि त्याच्या नक्षीत शेकडो बारीक चिरा असतात, त्या बर्फाला चावतात. अशा टायरच्या बाजूवर तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण अशी खूण असते. जर्मनीत बर्फाळ रस्त्यावर हीच खूण असलेले टायर सक्तीचे आहेत. कॅनडाच्या क्युबेक प्रांतात १ डिसेंबर ते १५ मार्च हिवाळी टायर लावल्याशिवाय कार रस्त्यावर आणता येत नाही. मॉन्ट्रियलला नोकरीसाठी गेलेलं मराठी कुटुंब पहिल्या नोव्हेंबरातच हा खर्च करतं. भारतात असा कुठलाच नियम नाही, आणि हे टायर आपल्या बाजारात सहजी मिळतही नाहीत. चार दिवसांच्या सहलीसाठी नाशिकच्या माणसाने टायर बदलावेत, असं म्हणणं व्यवहाराला धरून होणार नाही. त्याच्यासाठी मार्ग एकच: साखळ्या.

टायरवर चढवायच्या लोखंडी साखळ्या हिमाचलचे ड्रायव्हर हिवाळाभर गाडीत ठेवतात. त्या कशा चढवायच्या हे एकदा जवळून पाहण्यासारखं आहे. जाणता ड्रायव्हर उतार सुरू होण्याआधीच सपाट जागा बघून थांबतो, चाकामागे दगड लावतो. साखळी शिडीसारखी असते. ती आधी जमिनीवर पसरून पीळ काढायचा, मग टायरवर वरून टाकायची, आणि हात चाकामागे घालून आतल्या बाजूची कडी आधी अडकवायची. इथेच नवखे हरतात. बोटं बधिर झालेली, कडी दिसत नाही, गुडघे ओल्या बर्फात. आतली कडी बसली की बाहेरची, मग ताण देणारा रबरी पट्टा. तरी काम संपत नाही. गाडी थोडी पुढे घेऊन, उतरून, ढिली पडलेली साखळी पुन्हा आवळायची. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीला त्या पुढेच बसतात. त्यानंतर वेग ताशी चाळीसच्या आतच ठेवायचा, आणि कोरडा रस्ता लागला की काढायच्या, नाहीतर त्या तुटून चाकाच्या वरचा पत्रा फाडतात. हे सगळं घराच्या पार्किंगमध्ये, उजेडात, कोरड्या हातांनी दोनदा करून पाहिलेलं असेल तरच संध्याकाळी बर्फात जमतं.

कॅलिफोर्नियाच्या सिएरा नेवाडा पर्वतात दर हिवाळ्यात 'साखळी नियंत्रण' लागू होतं. त्याच्या तीन पायऱ्या आहेत. पहिलीत बर्फाचे टायर असलेल्या छोट्या गाड्या तशाच जाऊ शकतात, बाकीच्यांनी साखळ्या चढवायच्या. दुसरीत चारही चाकांवर चालणारी आणि चारही बर्फाचे टायर असलेली गाडीच तशी जाऊ शकते, पण साखळ्या बरोबर हव्यातच. तिसरीत कुणालाच सूट नाही. म्हणजे तिथे फोर बाय फोरला सवलत मिळते ती टायर पाहूनच. रस्त्याकडेला परवानाधारक माणसं उभी असतात, ती पैसे घेऊन साखळ्या चढवून देतात. सोलंगला हे व्हायला काय हरकत आहे? मनालीच्या तरुणांना या कामाचा हात आहे आणि डिसेंबरात त्यांना रोजगारही हवा असतो.

हिमाचलला असे नियम राबवता येत नाहीत, असंही नाही. राष्ट्रीय हरित लवादाच्या आदेशानंतर रोहतांगला जाणाऱ्या पर्यटक गाड्यांवर दिवसाला १,२०० ची मर्यादा आली, ८०० पेट्रोलच्या आणि ४०० डिझेलच्या. त्यासाठी ऑनलाइन परवाने सुरू झाले. इंधन कोणतं हे विचारणाऱ्या यंत्रणेने टायर कोणते, साखळ्या आहेत का, हेही विचारावं.

राहिला प्रश्न चालवण्याच्या हाताचा. इथे महाराष्ट्रातला ड्रायव्हर अगदीच कोरा नसतो. ज्या गिअरमध्ये घाट चढायचा त्याच गिअरमध्ये उतरायचा, हे बोरघाट-कसाऱ्यात गाडी घातलेल्या प्रत्येकाने ऐकलेलं असतं, आणि बर्फात ते जसंच्या तसं लागू पडतं. पहिल्या पावसात रस्त्यावर तेल आणि धूळ मिसळून जो निसरडेपणा येतो, त्याचाही अनुभव असतो. बर्फात तीच सावधगिरी दहापट लागते. ब्रेक, स्टेअरिंग, ॲक्सिलरेटर, काहीच झटक्यात करायचं नाही. क्लच हळू सोडायचा, कारण गिअरच्या झटक्यानेही चाक घसरतं. गाडीची शेपूट डावीकडे फिरली तर स्टेअरिंगही डावीकडेच वळवायचं. मन नेमकं उलट सांगत असतं, म्हणून हे सवयीने अंगात मुरलेलं हवं. स्वीडनमध्ये ही सवय सरकारच लावतं. तिथे कारचं लायसन्स मिळण्याआधी निसरड्या ट्रॅकवर गाडी घसरवून दाखवणारा अभ्यासक्रम सक्तीचा आहे. पुण्याहून स्टॉकहोमला स्थायिक झालेल्या इंजिनिअरचं भारतीय लायसन्स तिथे वर्षभरच चालतं. पुढे त्यालाही तो ट्रॅक करावा लागतो, मग त्याने आपल्या आरटीओत आठचा आकडा कितीही सफाईने काढलेला असो.

गाडीची तयारी हा आणखी एक विषय, आणि त्यात आपल्या एका सवयीबद्दल बोललंच पाहिजे. रेडिएटरमध्ये कूलंट कमी झालं की आपल्याकडे नळाचं पाणी ओततात. महाराष्ट्राच्या हवेत ते चालून जातं. सिस्सूच्या रात्री तेच पाणी गोठून फुगतं आणि इंजिनाचा ब्लॉक तडकवू शकतं. डिझेलचंही तसंच. मैदानी भागात भरलेल्या डिझेलमधलं मेण कडाक्याच्या थंडीत घट्ट होतं आणि फिल्टर तुंबतो. लडाखसाठी इंडियन ऑइलने २०१९ मध्ये उणे ३३ अंशांपर्यंत न गोठणारं हिवाळी डिझेल आणलं, ते याचसाठी. रात्री उघड्यावर गाडी लावताना हँडब्रेक ओढून ठेवला तर तो सकाळी गोठून चिकटलेला असू शकतो. गाडी गिअरमध्ये ठेवावी आणि चाकाला दगड लावावा.

एका गोष्टीवर मात्र कितीही वेळा लिहिलं तरी कमीच. पाकिस्तानातल्या मरी इथे ७ आणि ८ जानेवारी २०२२ च्या रात्री बर्फवादळात गाड्या अडकल्या आणि किमान २२ माणसं गेली. त्यातली काही थंडीने नव्हे, तर कार्बन मोनॉक्साइडने गेली. उबेसाठी इंजिन चालू होतं, सायलेन्सरचं तोंड बर्फाने बुजलं होतं आणि धूर गाडीत शिरला. या वायूला वास नसतो. झोप येते आणि माणूस उठत नाही. गाडीत अडकलेल्यांनी इंजिन थोडा थोडा वेळच चालवावं, दर वेळी आधी उतरून सायलेन्सरभोवतीचा बर्फ हाताने काढावा आणि खिडकीला बोटभर फट ठेवावी. एक फावडं, दोन घोंगड्या, पाणी, टॉर्च आणि भरलेली टाकी, एवढं सामान बर्फाकडे जाणाऱ्या प्रत्येक गाडीत हवं.

यंदाच्या डिसेंबरात मनालीचं बुकिंग करणाऱ्या मराठी कुटुंबांना एक विनंती. स्वतःची किंवा भाड्याने घेतलेली गाडी मनालीत हॉटेलपाशीच ठेवा आणि पुढे स्थानिक टॅक्सी करा. निघण्याआधी दोन मिनिटं काढून त्या टॅक्सीच्या टायरच्या खाचांत बोट घालून बघा आणि डिकी उघडून साखळ्या दाखवायला सांगा. साखळ्या नसतील तर दुसरी टॅक्सी करा. ड्रायव्हर दुपारी दोनला 'आता निघू या' म्हणाला, तर मुलांचा बर्फातला खेळ अर्धा राहिला तरी निघा. ऊन गेल्यावर तो रस्ता कसा होतो, हे त्याला रोजच्या अनुभवाने ठाऊक असतं.