एक शब्द, तीन कुळे

पोलादपूरकडच्या वाडीतील आजी नातवाला घेऊन महाडच्या बाजारास येते. वाण्याला ती म्हणते, "पाव किलो साखर दे." बेकरीत म्हणते, "दोन पाव दे." परतताना वीरेश्वराच्या देवळात हात जोडून म्हणते, "देवा, पाव रे!" एकच शब्द तीन अर्थांनी तिच्या मुखातून निघतो, पण ना वाणी गोंधळतो, ना बेकरीवाला. मग देव तरी कसा गोंधळेल?

हे तिन्ही 'पाव' दिसावयास सारखे, परंतु त्यांची कुळे निराळी आहेत. वाण्याकडचा 'पाव' संस्कृत 'पाद' या शब्दापासून आला. पाद म्हणजे पाय. चार पायांपैकी एक, म्हणून चौथा हिस्सा. १९५८ पासून दशमान वजने येऊ लागली, शेर गेला. पाव मात्र राहिला. देवळातल्या 'पाव'चे मूळ संस्कृत 'प्राप्' या धातूत आहे. पावणे म्हणजे पोचणे, मिळणे, प्रसन्न होणे. बेकरीतला 'पाव' मात्र समुद्रापलीकडचा. सोळाव्या शतकात पोर्तुगीज लोक गोवा, चौल, वसई येथे स्थिरावले. रोटीला त्यांच्या भाषेत असलेला शब्द मराठीने आपलासा केला. त्याचे मूळ लॅटिन 'पानिस'.

"पीठ पायांनी तुडवतात म्हणून पाव," असे कित्येक जण खात्रीने सांगतात. गंमत अशी की, पायाशी खरे नाते आहे ते पाव किलोचे, खाण्याच्या पावाचे नव्हे! नाद जुळला म्हणजे नाते जुळले, असे मानणे चूक होय. स्पेनमध्ये 'पान' म्हणजे पाव, पोलंडमध्ये 'पान' म्हणजे महाशय, आणि आपल्याकडे पान म्हणजे पर्ण. उच्चारावरून नाते जोडू लागलो, तर पोलंडचे सद्गृहस्थ झाडाला लटकतील!

परके शब्द भाषेतून घालवून द्यावेत, असेही काही जण म्हणतात. मग पावाबरोबर चावी, बादली, बटाटा आणि पगारही जातील. तेही पोर्तुगिजांकडूनच आले आहेत. आजीला मात्र यांतला एकही शब्द परका वाटत नाही.

शब्दाचे कूळ अवश्य शोधावे. त्याने ज्ञान वाढते. पण कुळावरून त्याची योग्यता ठरवू नये. १९२७ साली याच महाडात डॉ. बाबासाहेब आंबेडकर चवदार तळ्याचे पाणी प्याले आणि जन्मावरून माणसाचा हक्क ठरत नाही, हे त्यांनी जगाला दाखविले. माणसांविषयी हा न्याय शिकविणाऱ्या गावाने शब्दांनाही तोच न्याय द्यावा.