भूतानची शेवटची धावपटू आणि ‘मेरिट’चा प्रश्न

११ ऑगस्ट २०२४, पॅरिस ऑलिम्पिकचा शेवटचा दिवस. महिलांची मॅरेथॉन नेदरलँड्सच्या सिफान हसनने २ तास २२ मिनिटे ५५ सेकंदांत जिंकली. त्यानंतर दीड तास उलटला, तरी एक धावपटू अजून रस्त्यावरच होती. ती भूतानची किन्झांग ल्हामो. रस्त्याच्या कडेला लोक तिच्यासाठी थांबले होते. काही जण तिला प्रोत्साहन देत सोबत धावत होते, काही सायकलवरून सोबत जात होते. ३ तास ५२ मिनिटे ५९ सेकंदांनी तिने अंतिम रेषा ओलांडली, तेव्हा टाळ्यांचा कडकडाट झाला. शर्यत पूर्ण करणाऱ्यांत तिचा क्रमांक ८०वा, म्हणजे शेवटचा होता.

हा व्हिडिओ आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. ‘बौद्ध राष्ट्राची लेक’ म्हणून कौतुकही केले असेल. माध्यमांनी जिद्दीची कहाणी सांगितली आणि विषय संपवला. आम्हाला मात्र त्यापुढचा प्रश्न महत्त्वाचा वाटतो. एवढा वेळ घेणारी धावपटू ऑलिम्पिकला पोहोचली कशी? आणि तिला तिथे असण्याचा अधिकार होता का?

किन्झांगला ‘युनिव्हर्सॅलिटी’ या तरतुदीतून प्रवेश मिळाला होता. ज्या देशांचे खेळाडू पात्रता निकष गाठू शकत नाहीत, अशा देशांसाठी ऑलिम्पिकमध्ये काही जागा ठेवलेल्या असतात. सगळ्या जगाची स्पर्धा म्हणवून घ्यायचे असेल, तर सगळे जग मैदानात दिसले पाहिजे, हा त्यामागचा विचार. सोप्या शब्दांत सांगायचे तर ही राखीव जागा आहे.

यावर आक्षेप घेणारे जगभर आहेत. अशा जागांमुळे जास्त वेगवान खेळाडू घरी बसतात, असे ते म्हणतात. पण जरा नीट पाहा. ऑलिम्पिक मॅरेथॉनमध्ये एका देशाचे जास्तीत जास्त तीनच धावपटू उतरू शकतात. केनिया किंवा इथिओपियाची चौथी धावपटू मैदानातल्या बहुतेकींपेक्षा वेगवान असते, तरी ती घरीच राहते. म्हणजे ऑलिम्पिक ही निव्वळ वेळेच्या क्रमाने लावलेली यादी कधीच नव्हती. तिथे पहिल्यापासून प्रतिनिधित्वाचा विचार आहे. मोठ्या देशांना मिळणारे प्रतिनिधित्व कुणाच्या डोळ्यांत खुपत नाही. छोट्या देशाला मिळाले की मात्र ‘मेरिट’ आठवते.

आणि मेरिट म्हणजे तरी काय? किन्झांग २०२२च्या ‘स्नोमॅन रेस’मध्ये महिलांत दुसरी आली होती. ही शर्यत २०३ किलोमीटरची आहे आणि ती पाच दिवस हिमालयाच्या उंच खिंडींतून चालते. पॅरिसच्या डांबरी रस्त्यावर वेगाने धावणाऱ्या किती जणी तिथे टिकतील? मोजपट्टी कुणाच्या हातात आहे, यावर गुणवत्ता ठरते. भूतानच्या राष्ट्रीय खेळाचेही तेच. तिथे पारंपरिक तिरंदाजी सुमारे १४५ मीटरवरून चालते. ऑलिम्पिकमध्ये अंतर ७० मीटर, धनुष्य वेगळे आणि नियमही वेगळे.

राखीव जागेतून पुढे काय घडते, हे समजण्यासाठी भूतानचेच दुसरे उदाहरण घेऊ. भूतान १९८४मध्ये लॉस एंजेलिसला पहिल्यांदा ऑलिम्पिकमध्ये उतरला. तीन पुरुष आणि तीन महिला, सगळे तिरंदाज. ही गोष्ट लहान नाही. भूतानमध्ये तिरंदाजी हा परंपरेने पुरुषांचा खेळ. बाईने धनुष्याला हात लावणे अशुभ, असा समज तिथे होता. त्याच देशातली कर्मा नावाची तिरंदाज २०१६मध्ये रिओला गेली, ती निमंत्रणाच्या जागेवर. पहिल्याच फेरीत हरली. पण ती थांबली नाही. २०१९मध्ये बँकॉकच्या आशियाई पात्रता स्पर्धेतून तिने टोकियोची जागा स्वतःच्या कामगिरीवर मिळवली. निमंत्रणाशिवाय ऑलिम्पिकला पात्र ठरलेली ती भूतानची पहिली खेळाडू. टोकियोत तिची गाठ आपल्या दीपिका कुमारीशी पडली आणि ती ६-० अशी हरली. पण ज्या खेळापासून बाईला दूर ठेवले, त्याच खेळात देशासाठी दार उघडले ते एका बाईने.

आधी लायक व्हा, मग संधी देऊ, असे म्हणणाऱ्यांना कर्माचा हा प्रवास उत्तर आहे. आधी संधी मिळाली, त्या संधीतून अनुभव आला आणि अनुभवातून पात्रता आली.

इथे आपल्या वाचकांना स्वतःचे कॉलेज आठवले असेल, तर नवल नाही. ‘कोट्यातून आलास का?’ हा प्रश्न आपल्यातल्या कितीतरी मुलामुलींनी वर्गात, वसतिगृहात, नोकरीच्या ठिकाणी ऐकला आहे. दोन गोष्टी एक नाहीत, हेही आम्ही स्पष्ट करतो. ऑलिम्पिकची जागा ही क्रीडा संघटनांनी दिलेली सवलत आहे. आपले आरक्षण हे शतकानुशतकांच्या अन्यायावर संविधानाने दिलेले हक्काचे उत्तर आहे. पण दोन्हींच्या मुळाशी एकच प्रश्न आहे. सुरुवातीची रेषा सगळ्यांसाठी सारखी नसेल, तर फक्त शेवटची रेषा मोजून न्याय होतो का? पॅरिसमध्ये ज्या शेवटच्या क्रमांकासाठी लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते, तोच क्रमांक आपल्याकडे टोमण्याचा विषय होतो.

मात्र नुसती जागा पुरेशी नाही, हेही भूतानच सांगतो. १९८४ ते २०२४ या चाळीस वर्षांत भूतानला एकही ऑलिम्पिक पदक मिळालेले नाही. २०१२पर्यंत तर तिरंदाजीशिवाय दुसऱ्या खेळात त्यांचा कुणी नव्हता. पॅरिसला तिघे गेले. किन्झांगसोबत तिरंदाज लाम दोर्जी आणि जलतरणपटू सांगे तेन्झिन. देश छोटा म्हणून हे घडले, असे म्हणून चालणार नाही. त्याच पॅरिसमध्ये सेंट लुसियाच्या ज्युलियन आल्फ्रेडने १०० मीटरचे सुवर्णपदक जिंकले. सेंट लुसियाची लोकसंख्या दोन लाखांच्याही आत आहे, भूतानची आठ लाखांच्या आसपास. पण ज्युलियन शाळकरी वयात जमैकाला गेली, नंतर अमेरिकेत टेक्सास विद्यापीठात शिकली. म्हणजे तिला ट्रॅक, प्रशिक्षक आणि स्पर्धा वर्षानुवर्षे मिळाल्या. प्रवेशाची जागा दार उघडते. आतली शिडी वेगळी बांधावी लागते. शिष्यवृत्ती वेळेवर न मिळाल्याने शिक्षण सोडणाऱ्या आपल्या मुलांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

आणखी एक गोष्ट बोलायलाच हवी. बौद्ध देश म्हटले की आपल्याला अभिमान वाटतो. तो वाटावा, पण डोळे मिटून नको. १९९०च्या दशकात भूतानमधून नेपाळी भाषक ल्होत्शाम्पा समाजाचे एक लाखाहून अधिक लोक देशाबाहेर फेकले गेले. वर्षानुवर्षे ते नेपाळमधल्या निर्वासित छावण्यांत राहिले. २००७नंतर त्यांतल्या बहुतेकांचे पुनर्वसन अमेरिका आणि इतर देशांत झाले. जो देश जगाच्या मैदानात प्रतिनिधित्वाची जागा घेतो, त्याने आपल्या घरातल्या अल्पसंख्याकांनाही ती द्यायला हवी. बाबासाहेबांनी आपल्याला धम्म दिला तो समतेसाठी. त्यामुळे कुठल्याही राष्ट्राला, अगदी बौद्ध राष्ट्रालाही, समतेच्याच कसोटीवर तपासणे हे आपले काम आहे. हे बोलल्याने किन्झांगचे किंवा कर्माचे मोल तसूभरही कमी होत नाही.

पुढचे ऑलिम्पिक २०२८मध्ये लॉस एंजेलिसला आहे. भूतानने जिथून सुरुवात केली, तेच शहर. तिथे भूतानला पदक मिळेल की नाही, हा नंतरचा प्रश्न. किती खेळाडू निमंत्रणावर आले आणि किती पात्र ठरून आले, हा आकडा पाहा. चाळीस वर्षांत उघडलेल्या दाराचा खरा हिशोब तो आहे.

तोवर कुणी तुम्हाला ‘मेरिट’ ऐकवले, तर गप्प बसू नका आणि चिडूही नका. केनियाची चौथी धावपटू घरी का बसते, एवढेच विचारा. मग कर्माची गोष्ट सांगा. ती निमंत्रणाच्या जागेवरून आत आली आणि पुढच्या वेळी स्वतःच्या बळावर परतली.