साक्ष आणि भूक

ख्रिस्ती लेखनात दुःखाविषयी एक ठरीव विधान पुनःपुन्हा भेटते: संकटाने श्रद्धा तावूनसुलाखून निघते. रोमकरांस लिहिलेल्या पत्रात पौलाने संकटापासून धीर, धीरापासून शील आणि शीलापासून आशा अशी साखळीच जोडली आहे. भोगणाऱ्याने हे स्वतःविषयी म्हटले तर ती साक्ष होते. काठावर उभे राहून दुसऱ्याला ऐकवले की तेच निर्दय वाटते. म्हणून या विधानाची परीक्षा प्रवचनांत न करता आत्मकथनांत करावी, असे आम्हांस वाटते.

पंडिता रमाबाईंनी १९०७ साली इंग्रजीत लिहिलेली साक्ष त्यासाठी मुळातून वाचावी. (ती धर्मप्रचाराची पुस्तिका समजून बाजूला ठेवण्याची आपल्याकडील सवय आळशीपणाची आहे.) १८७०च्या दशकातील दुष्काळात रमाबाईंचे आईवडील आणि थोरली बहीण गेली. पुढे १८८० मध्ये भाऊ आणि १८८२ मध्ये पती. एवढ्या मृत्यूंनंतर १८८३ साली इंग्लंडात बाप्तिस्मा झाला. शोकातून श्रद्धेकडे, असे सरळ कथानक येथे सहज रचता आले असते. रमाबाई ते रचत नाहीत. बाप्तिस्म्याने आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, ख्रिस्त मात्र नव्हे, असे त्या स्वच्छ सांगतात. मनाला खरी शांती लाभायला आणखी सुमारे ८ वर्षे गेली. दुःख आणि आत्मिक वाढ यांच्यामधला हा रिकामा काळ त्यांनी झाकला नाही, आणि आमच्या मते त्यांच्या साक्षीची विश्वसनीयता तेथेच आहे.

भुकेविषयी लिहितानाही त्या ईश्वरी योजनेचा आधार घाईने घेत नाहीत. पुराणे सांगत तीर्थोतीर्थी फिरणाऱ्या त्या विद्वान कुटुंबाला हाताचे कुठलेच काम येत नव्हते. मोलमजुरी करणे आणि भीक मागणे या दोन्हींच्या आड कुळाचा अभिमान येत होता. उपाशी माणसाने स्वतःच्या अभिमानाचा असा हिशेब मांडणे मराठी माणसाच्या आत्मपर लेखनात फार आढळत नाही.

१८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला, तेव्हा रमाबाई तेथे गेल्या आणि शेकडो मुली व स्त्रिया घेऊन परतल्या. त्यांच्यासाठी केडगावला ‘मुक्ती’ उभी राहिली. तेथे प्रार्थनेबरोबर विणकाम होते, छापखाना होता, शेतीही होती. चरित्रकार याला समाजकार्य म्हणून वेगळ्या प्रकरणात घालतात, भक्तीला दुसऱ्या. आम्हांला ही वाटणीच चुकीची दिसते. ज्या घरात कोणाला हाताने कमावता येत नव्हते, त्या घरातून एकटी उरलेली मुलगी वीसेक वर्षांनी इतर उपाशी मुलींच्या हाती माग देते. तिची आध्यात्मिक वाढ मोजायची तर तिच्या प्रार्थनेइतकीच त्या मागाचीही दखल घ्यावी लागेल.

१९२१ साली एकुलती एक मुलगी मनोरमाही गेली. त्या मृत्यूनंतर रमाबाई वर्षभरही जगल्या नाहीत. हिब्रू आणि ग्रीकवरून केलेले बायबलचे मराठी भाषांतर मात्र त्यांनी तेवढ्यात पुरे केले होते.