जुन्या तेलाचा हिशेब

दिवाळी आणि तेल यांचे नाते नव्याने सांगावयास नको. नरकचतुर्दशीच्या पहाटे घरातील लहानथोर पाटावर बसतात, अंगाला तेल चोळून घेतात, आणि वर्षभर ज्यांना तेलाचे बोट लागलेले नसते त्यांचीही हाडे त्या दिवशी जरा सैल होतात. पणत्यांना तेल, समईला तेल, चकल्यांना तेल. पण घरात आणखी एक जण बारा महिने राबत असतो, आणि तेलाच्या बाबतीत त्याची आठवण कुणालाच होत नाही. दसऱ्याला त्याला झेंडूचा हार मिळतो, हळदकुंकू मिळते, चाकाखाली लिंबू मिळते; त्याच्या पोटातले तेल किती आणि कसे आहे, हे मात्र कुणी पाहत नाही. हा घरगडी म्हणजे आपली गाडी! मग ती दुधाच्या किटल्या वाहणारी मोटारसायकल असो, नाहीतर शेतातला ट्रॅक्टर असो.

यंदा या विषयावर लिहावेसे वाटले ते एका चमत्कारिक वाहनामुळे. पुण्याहून सोलापूर रस्त्याने निघाले की उरुळी कांचन मागे पडल्यावर, यवतच्या अलीकडे, कासुर्डी लागते. माझ्या भाच्याची तेथे शेती आहे. त्याने गेल्या वर्षी एक जुनी ‘क्वाड’ विकत आणली. कोकणातल्या किनाऱ्यांवर आणि लोणावळा-पाचगणीच्या बाजूला हौशी मंडळींना फेरी मारून आणणाऱ्या चारचाकी फटफट्या वाचकांनी पाहिल्या असतील. त्यांचीच ही शर्यतीची जात. इंजिन मोटारसायकलचे, हॅण्डल मोटारसायकलचे, आणि खाली चार फुगीर चाके. माझ्या बहिणीने ती पाहिली आणि विचारले, “का रे, फटफटीला दोन पिलं झाली का?” रस्त्यासाठी नोंदणी नसल्यामुळे ही स्वारी शेतातल्या वाटांवर आणि बांधाच्या कडेनेच फिरते; क्वचित चाऱ्याचा भाराही वाहते.

एके दिवशी सकाळी भाच्याने या गाडीतील तेल तपासण्याची कांडी काढली, तो ती जवळजवळ कोरडी! त्याने घाबरून पुण्यातील एका दुकानदाराला फोन केला. दुकानदाराने गाडी न पाहता सल्ला दिला, “अर्धा लिटर ओता.” तेल ओतले. दुपारी गाडी सुरू केली, तर मागून निळा धूर, आणि हवा गाळण्याच्या डब्यात तेलाचे थारोळे. गावातल्या मिस्त्रींना बोलावणे गेले. ते आले, एक नजर टाकली आणि हसले.

“पाव्हणं,” ते मला म्हणाले, “हिचं तेल पोटात नसतंय, पखालीत असतंय. गाडी रातभर उभी ऱ्हायली की पखालीतलं तेल झिरपून पोटात उतरतं. सकाळी कांडी बघितली तर कोरडीच दिसणार की!”

पखालीची ही उपमा मला फार आवडली. साध्या मोटारसायकलीत तेल इंजिनाच्या तळाशी साठते. शर्यतीच्या पुष्कळशा क्वाडमध्ये मात्र तेलाची टाकी निराळी असते. पंप त्या टाकीतून तेल घेतो आणि दुसरा पंप तळाशी आलेले तेल परत टाकीत पोचवतो. म्हणून अशा गाडीचे तेल थंड इंजिनात पाहून उपयोग नाही. गाडी सपाट जागी उभी करावी, इंजिन काही मिनिटे चालवून गरम करावे, बंद करावे, आणि थोडा वेळ थांबून मगच कांडी पाहावी. किती मिनिटे चालवायचे, किती थांबायचे, कांडी फिरवून आवळायची की नुसती टेकवायची, हे त्या त्या गाडीच्या पुस्तकात दिलेले असते. कांडी एकदा स्वच्छ पुसून पुन्हा बुडवावी. तेल दोन खुणांच्या मध्ये असले की झाले. वरच्या खुणेपलीकडचे तेल गाडीला पचत नाही. जास्तीचे तेल हवेच्या नळीने बाहेर पडते. भाच्याच्या गाडीत झाले ते हेच.

कोणी म्हणेल, “आमच्याकडे क्वाड कुठली? आम्हाला याचा काय उपयोग?” उपयोग आहे, आणि तो तुमच्या दारातल्या मोटारसायकलीसाठी आहे. उरुळी कांचनला मणिभाई देसाई यांनी १९६७ साली ‘बाएफ’ ही संस्था स्थापली आणि संकरित गाईंचा प्रसार केला, तेव्हापासून या भागातल्या वस्त्यांवर दुधाचा धंदा वाढत गेला. आता पहाटे या वाटांवर मोटारसायकलीच्या दोन्ही बाजूंना किटल्या अडकवून पोरे डेअरीकडे धावताना दिसतात. त्यांतल्याच एकाचे इंजिन उन्हाळ्यात भर वाटेवर जाम झाले. दूध उन्हात नासले, आणि इंजिनाच्या दुरुस्तीत एवढा पैसा गेला की घरात वैरणीची ओढाताण झाली. कारण काय? इंजिन थोडे थोडे तेल जाळत होते आणि दोन सर्व्हिसिंगच्या मध्ये कांडी कुणी काढून पाहिलीच नव्हती. या लहान गाड्यांपैकी बहुतेकांना तेल कमी झाल्याची सूचना देणारा दिवा नसतो. दिवा नाही, घंटा नाही. एक कांडी तेवढी आहे, आणि ती न पाहिली तर तिने सांगावे तरी कुणाला?

आता या तेलाच्या अंगावरची कामे पाहा. मोटारसायकलीत जेमतेम एक लिटर किंवा त्याहूनही कमी तेल असते. तेवढेच तेल पिस्टनला वंगण देते, त्याची उष्णता वाहून नेते, गिअरच्या दात्यांमध्ये फिरते आणि क्लचच्या चकत्यांनाही भिजवते. एकाच गड्याने नांगर धरावा, मोट हाकावी आणि रात्री राखणही करावी, तसा हा प्रकार आहे. म्हणूनच मोटारीचे तेल स्वस्तात मिळाले म्हणून मोटारसायकलीत ओतू नये. मोटारीच्या काही तेलांत घर्षण कमी करणारी द्रव्ये असतात. त्यांनी ओला क्लच घसरू लागतो. यासाठी जपानी मोटार-उद्योगाने १९९८ साली दुचाकींच्या तेलाचे निराळे प्रमाण ठरविले. डब्यावर ‘जासो एम.ए.’ असे लिहिलेले असते ते याचेच. ‘एम.बी.’ हे तेल कोरड्या क्लचच्या स्कूटरसाठी. ‘२० डब्ल्यू ४०’ असा आकडा असेल, तर त्यातला ‘डब्ल्यू’ इंग्रजीतल्या हिवाळ्याचा: पहिला आकडा थंडीतल्या दाटपणाचा, दुसरा गरम इंजिनातल्या दाटपणाचा. पुस्तकात जो आकडा आहे तोच घ्यावा. शेजाऱ्याचा घेऊ नये.

तेल काळे झाले म्हणजे खराब झाले, ही एक सार्वत्रिक समजूत. मिस्त्रींचे म्हणणे उलटे. “काळं झालं म्हंजी त्यानं मळ धरलाय. कामाचं तेल हाय ते.” आणि ते बरोबर आहे. काजळी धरून ठेवणे हे तेलाचे कामच आहे. काळजी करावी ती दुसऱ्या लक्षणांची. तेल दुधाच्या चहासारखे दिसू लागले तर त्यात पाणी गेले आहे. ओढ्यातून गाडी घातली असेल तर हे हमखास पाहावे. तेलाला पेट्रोलचा वास आला आणि पातळी आपोआप वाढलेली दिसली, तर पेट्रोल आत झिरपते आहे. आणि तेल कसेही दिसत असले, तरी पुस्तकातले किलोमीटर भरले की ते बदलावे. क्वाड किलोमीटरांपेक्षा तासांनी मोजावी. शेतातल्या धुळीत, ओझे घेऊन, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये चाललेला एक तास हमरस्त्यावरच्या तासाइतका हलका नसतो.

बदलण्याचे काम अवघड नाही. इंजिन कोमट करावे, म्हणजे तेल पातळ होऊन मळासकट उतरते. खाली पसरट भांडे ठेवून तळाचा बोल्ट काढावा. निराळी टाकी असेल तर तिचाही बोल्ट काढावा, नाहीतर निम्मे जुने तेल आतच राहते. बोल्टच्या टोकाला लागलेला बारीक करडा गाळ चालतो. चकचकीत कपच्या दिसल्या तर गाडी तशीच मिस्त्रींकडे न्यावी. गाळणी असेल तर नवी घालावी, ती उलटी बसत नाही ना हे पाहावे, रबरी कडे जागेवर आहे ना तेही पाहावे. बोल्टखालची चकती नवी असावी. बोल्ट आवळताना पहिलवानी करू नये; इंजिनाचे कवच ॲल्युमिनियमचे असते, आटे एकदा गेले की बोल्ट धरत नाही. नवे तेल मापापेक्षा थोडे कमी ओतावे, इंजिन चालवून बंद करावे, कांडी पाहून उरलेले घालावे, आणि तळाशी ठिबकते आहे का हे वाकून पाहावे.

येथे बहुतेकांचे काम संपते. माझ्या मते ते येथे निम्मेच झालेले असते. खाली भांड्यात जे जुने तेल पडले आहे, त्याचे काय?

पुण्यात १९४६ साली ‘किर्लोस्कर ऑइल इंजिन्स’ निघाली. पुढच्या काळात महाराष्ट्रातल्या कितीतरी विहिरींवरच्या मोटा जाऊन डिझेल इंजिने आली आणि नंतर विजेचे पंप आले. भाच्याच्या विहिरीपासून वीस पावलांवर अशा एका इंजिनाची खोली होती. इंजिन जाऊन किती दिवाळ्या लोटल्या. पण खोलीमागची हातभर जमीन अजून काळी, तेलकट आहे आणि तेथे गवत धरत नाही. तेल बदलले की जुने तेल मागे ओतायचे, हा तेव्हाचा रिवाज होता. वाईट वाटावे ते हे, की तो रिवाज आजही चालू आहे. कुणी बांधावर ओततो, कुणी नाल्यात, कुणी वाळवी लागू नये म्हणून लाकडाला फासतो, कुणी जनावराच्या खुराच्या जखमेवर लावतो. अमेरिकेचे पर्यावरण खाते सांगते की एका वेळच्या बदलातले तेल दहा लाख गॅलन गोडे पाणी बिघडवू शकते. येथे तर सगळी शेती खडकवासल्याच्या कालव्याच्या आणि विहिरींच्या पाण्यावर. विहिरीला कुंपण असते. विहिरीच्या झऱ्यांना नसते. आपण आपल्या बांधावर ओतलेले शेजाऱ्याच्या पोहऱ्यात उतरावयाला फार दिवस लागत नाहीत.

आणि गंमत अशी, की हे तेल टाकाऊ नाहीच. तेल सहसा झिजत नाही, मळते. त्यातली औषधे संपतात, काजळी आणि धातूचा चुरा मिसळतो. मूळ तेल गाळून, शुद्ध करून पुन्हा वापरता येते. आपल्याकडे २०१६ सालच्या नियमांप्रमाणे जुने तेल हा घातक कचरा आहे आणि ते नोंदणी झालेल्या शुद्धीकरण करणाऱ्यांकडेच गेले पाहिजे. १ एप्रिल २०२४ पासून तर ते तेल परत शुद्ध होईल हे पाहण्याची जबाबदारी तेल बनवून विकणाऱ्यांवरही टाकली गेली आहे. नियम दिल्लीला झाले खरे. पण तेल उतरते ते कासुर्डीच्या अंगणात. म्हणून दोन्हींच्या मधला दुवा आपल्यालाच व्हावे लागेल.

तो दुवा अगदी साधा आहे. नव्या तेलाच्या रिकाम्या डब्यात जुने तेल भरावे, त्यात पाणी किंवा पेट्रोल मिसळू देऊ नये, झाकण घट्ट लावून मुलांच्या हाती लागणार नाही असे ठेवावे, आणि दोनचार डबे साठले की जो मिस्त्री किंवा जे सर्व्हिस सेंटर नोंदणीवाल्याला तेल देते त्याच्याकडे पोचवावे. विचारायला लाजू नये: “तुमचं जुनं तेल कुठं जातं?” ज्याला उत्तर देता येत नाही, त्याच्याकडे डबा देऊ नये. हात साबणाने धुवावेत. हे तेल अंगाला लावायचे नव्हे.

पाडव्याला दुकानदार नवी वही उघडतो आणि पहिल्या पानावर कुंकवाचे बोट लावतो. वाचकहो, यंदा त्या वहीत एक पान गाडीसाठी राखा. तेल बदलल्याची तारीख, किलोमीटर किंवा तास, तेलाचा आकडा, आणि चौथ्या रकान्यात जुने तेल कुणाला दिले ते लिहा. पहिले तीन रकाने भरले की इंजिन टिकेल. चौथा रिकामा राहिला, तर हिशेब विहिरीच्या नावे मांडला गेला असे समजावे. आणि ती वसुली मुलानातवंडांकडून होते.