आधी वरचा प्लग!

आजोबांची प्रीमियर पद्मिनी रविवारी बाहेर काढली की कॉलर एकदम टाईट! पॉलिश झालं, क्रोम चमकलं. पण मागच्या अ‍ॅक्सलच्या मधोमध असलेल्या डिफरन्शियलकडे कोण बघतं? मागच्या चाकांना ताकद देणारे गिअर त्यातच असतात आणि ते तेलावर जगतात.

फंडा सोपा आहे. गाडी १०-१५ मिनिटं फिरवून आणा, तेल पातळ होतं. सपाट जागी, मजबूत स्टँडवर समपातळीत उभी करा. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरायचं नाही! मग आधी वरचा, तेल भरायचा प्लग सोडवा. खालून तेल सोडलं आणि वरचा प्लग गंजून अडकलेला निघाला, तर गाडी तिथेच बसली म्हणून समजा. जुन्या तेलात थोडा करडा लगदा चालतो. दातांचे तुकडे दिसले तर थेट मेकॅनिक गाठा. खालचा प्लग घट्ट लावून मॅन्युअलमधल्या ग्रेडचं गिअर ऑइल भरा, सहसा ९० नंबरचं. इंजिन ऑइल अजिबात नाही. वरच्या भोकातून ओघळायला लागलं की बास.

मुंबईतल्या पद्मिनी टॅक्सी २०२३ मध्ये रस्त्यावरून गेल्या. तिचे गिअर आता शोधावे लागतात, तेल मात्र कोपऱ्यावरच्या दुकानातही मिळतं.