तुमचा समुद्र गोव्यात नाही

गोव्याहून किंवा गणपतीपुळ्याहून परतलेल्या माणसाला अलीकडे एक नवं खूळ लागतं. चार दिवस वाळूत पाय बुडवले, लाटेबरोबर आलेली वेफर्सची पाकिटं पाहिली, जीव हळहळला. घरी आल्या आल्या बांबूचा टूथब्रश, स्टीलचा स्ट्रॉ आणि ‘पृथ्वी वाचवा’ छापलेली कापडी पिशवी ऑनलाइन मागवली. हे सगळं बबलरॅपमध्ये गुंडाळून, प्लास्टिकच्या पाकिटातून आर्णीला पोचलं. अनबॉक्सिंगचा व्हिडिओही टाकून झाला.

हळहळ खोटी नसते. पण तिचा पत्ता चुकलेला असतो.

जरा नकाशा उघडा, मोबाइलमध्येच आहे. आर्णी अरुणावतीच्या काठी. अरुणावती पैनगंगेला मिळते, पैनगंगा वर्धेला. वर्धा आणि वैनगंगा मिळून प्राणहिता होते, ती सिरोंच्याजवळ गोदावरीत जाते आणि गोदावरी आंध्रात बंगालच्या उपसागराला. म्हणजे आपण सुट्टीत जातो तो समुद्र एक आणि आपला कचरा निघतो तो दुसऱ्याच समुद्राकडे. आपल्या नाल्यातून वाहिलेली पन्नी कळंगुटच्या वाळूवर येणार नाही. बहुतेकदा ती बंगालच्या उपसागरापर्यंतही जात नाही. वाटेत बाभळीला अडकते, बंधाऱ्यात कुजल्याशिवाय पडून राहते, नाहीतर गाईच्या पोटात जाते.

पन्नीवरून आठवलं. विदर्भात खर्रा माहीत नसलेला तरुण शोधून दाखवा. सुपारी, तंबाखू, चुना पन्नीत घोटायचा, पन्नीतच बांधून द्यायचा, आणि खाऊन झाला की पन्नी तिथंच सोडायची. बांबूच्या ब्रशनं घासलेल्या दातांत दहा वाजता खर्रा जातो! बांबूचा ब्रश वर्षाला फार तर चार प्लास्टिकचे ब्रश वाचवतो. दिवसाला चार खर्रे खाणारा तेवढे नग संध्याकाळपर्यंत रस्त्यावर टाकून मोकळा होतो. वजनाचा वाद घालू नका. ब्रश निदान कोणी पानठेल्यासमोर फेकत नाही.

महाराष्ट्रात 2018 पासून प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे, पहिल्या गुन्ह्याला 5,000 रुपये दंड आहे. बंदी आली की पकडला जातो तो ठेलेवाला, कारण तो रस्त्यावर सापडतो. पन्न्यांचे गठ्ठे बनवणारा आणि गावात उतरवणारा सापडत नाही, म्हणजे त्याला कोणी शोधत नाही. याबद्दल आपली हिरवी मंडळी गप्प. स्ट्रॉ विकत घेणं सोपं आहे बाप्पा, त्यात कोणाशी वाकडं येत नाही.

आणि ती कापडी पिशवी. डेन्मार्कच्या पर्यावरण खात्यानं 2018 मध्ये हिशेब मांडला होता: पाणी, रसायनं, सगळं धरलं तर नवी सुती पिशवी हजारो वेळा वापरावी, तेव्हा कुठे ती प्लास्टिकच्या साध्या पिशवीच्या बरोबरीला येते. कापसामागे काय जातं हे यवतमाळला डेन्मार्कनं सांगायची गरज नाही. 2017 साली याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर गेले. त्या कापसाच्या पाच नव्या पिशव्या खुंटीला टांगून ठेवायच्या आणि वर स्वतःला पर्यावरणप्रेमी म्हणवायचं? आजीकडे बाबांच्या जुन्या पँटची शिवलेली पिशवी आहे. तिच्यावर काही छापलेलं नाही म्हणून ती बाजारात न्यायला आपल्याला लाज वाटते, एवढंच.

‘निदान सुरुवात तरी झाली ना,’ असं मित्र म्हणतात. सुरुवात कशाची? मुंबईत अफरोज शहा या वकिलानं 2015 मध्ये वर्सोव्याचा किनारा साफ करायला घेतला. पुढे ते मिठी नदीकडे वळले, कारण किनाऱ्यावरचा कचरा नुसता समुद्रातून उगवत नाही. समुद्र पाहून आलेल्यानं असं उलट चालत आपल्या नाल्यापर्यंत यायला हवं. आपल्याकडची मंडळी शॉपिंग अ‍ॅपवरच थांबतात.

ओला आणि सुका कचरा घरातच वेगळा करायचा, असं केंद्राच्या 2016 च्या नियमांनी सांगितलं आणि तो वेगळाच उचलण्याची जबाबदारी नगरपरिषदांवर टाकली. उद्या घंटागाडी आली की दोन डबे घेऊन खाली उतरा आणि दोन्ही कुठे रिकामे होतात ते बघा. एकाच ढिगात पडले, तर तिथंच उभं राहून व्हिडिओ काढा आणि नगरसेवकाला पाठवा. गोव्यातल्या सूर्यास्ताचे एकोणीस काढलेच होते.